मृगाची वाट

शाळेच्या वार्षिकांकाचे संपादक एके दिवशी आमच्या घरी आले आणि "ग्वाल्हेरच्या हवेवर काही लिहा" अशी त्यांनी आज्ञा केली. प्रथम आम्हांला हसूच आले. ग्वाल्हेरची हवा हा लिहिण्याचा विषय नसून सोसण्याचा विषय आहे, असे आमचे तीर्थरूप म्हणत असत. परंतु याच शाळेच्या दगडी छपराखाली एप्रिलच्या परीक्षेत ज्याच्या हाताच्या घामाने उत्तरपत्रिकेवरील शाई पसरली आहे, आणि त्यापायी इतिहासाच्या बाईंनी ज्याचे दोन गुण कापले आहेत, त्या माजी विद्यार्थ्याला नाही म्हणणे शोभले नसते. तेव्हा लिहावयास बसलो आहोत.

आमच्या घरात पूर्वी दोन ऋतुचक्रे नांदत. एक सोलापूरहून येणाऱ्या पंचांगातले आणि दुसरे गच्चीवरून दिसणारे. आमचे पूर्वज वाईकडचे. महादजी शिंद्यांच्या फौजेबरोबर कारकुनी करीत ते उत्तरेत आले. पुढे १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी दक्षिणेस छावणी टाकली, आणि त्या छावणीचे जेव्हा लष्कर नावाचे शहर झाले, तेव्हा आमचे घराणेही येथलेच झाले. आजीचा जन्म येथलाच. कृष्णेचा घाट तिने उभ्या आयुष्यात एकदाच पाहिला. तथापि जूनच्या ७ किंवा ८ तारखेस सूर्य मृग नक्षत्रात गेला की, ती हिंग-गुळाच्या गोळ्या करी, घरातल्या प्रत्येकाच्या तळहातावर एकेक ठेवी आणि "मिरग निघाला हो!" असे म्हणत चौकात येऊन आकाशाकडे पाही.

आकाशात काय असणार? गव्हाच्या कोंड्याच्या रंगाची धूळ, आणि तिच्यातून पितळी परातीसारखा दिसणारा सूर्य. पाऊस यावयास अजून तीन आठवडे असत. शेजारच्या हिंदी भाषिक काकी हे पाहून हसत. त्यांच्या हिशेबी तो काळ नौतप्याचा, म्हणजे सूर्य रोहिणीत शिरल्यापासूनच्या नऊ तापल्या दिवसांचा, नुकताच सरलेला असे. आणि नौतपा जितका कडक तितका पुढचा पाऊस चांगला, अशी त्यांची श्रद्धा होती. आमच्या आजीचे म्हणणे, पंचांगात मृग आहे तो काही उगीच नाही. आठ पिढ्या उलटल्या, पण आमच्या घराण्याने पावसाची वाट पाहण्याची तारीख काही बदलली नाही.

यात ग्वाल्हेरचा दोष नाही. मुंबईकरांच्या दारात जो पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनला येऊन उभा राहतो, त्याला आमच्यापर्यंत येण्यास जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो. सहाशे किलोमीटरांच्या आत कोणताही समुद्र नाही. पश्चिमेकडे राजस्थानची वाळू, उत्तरेस चंबळचे उघडेबोडके खोंगळे, आणि शहराच्या मध्यावर अडीच-तीन किलोमीटर लांबीचा तो वालुकाश्माचा डोंगर, ज्यावर आपला सुप्रसिद्ध किल्ला उभा आहे. घरेही त्याच दगडाची. हा दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते परत करीत राहतो. आमचा बराचसा पाऊस बंगालच्या उपसागरात जन्मलेल्या आणि वायव्येकडे सरकत आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर अवलंबून असतो. तो वर्षाकाठी ८०० ते ९०० मिलिमीटरांच्या घरात पडतो. म्हणजे अगदीच थोडा नव्हे; पुण्याहून काही कमी नाही. पण तो तीन महिन्यांत येतो आणि उरलेले नऊ महिने आपण त्याच्या आठवणीवर काढावयाचे असतात.

मृगाच्या दिवशी पावसाऐवजी जी हमखास येई, ती आंधी. हिला मराठीत वादळ म्हणावे तर मन मानीत नाही. वादळाला समुद्र लागतो, आंधीला फक्त माती पुरते. दुपारी चार-साडेचारला वारा एकाएकी पडे. चिमण्या गप्प होत. मग पश्चिमेच्या क्षितिजावर एक तांबूस भिंत उठे आणि ती चालत येऊ लागे. घरात एकच आरोळी होई, "आंधी आली, गाद्या उचला!" कारण उन्हाळ्यात सारे लष्कर गच्चीवर निजे आणि दुपारपासूनच अंथरुणे वर पडलेली असत. दारे लावा, माठ झाका, दोरीवरचे धोतर धरा, अशी तारांबळ उडे. पाच मिनिटांत भर दिवसा दिवे लावण्याची पाळी येई. शास्त्रज्ञ याची उपपत्ती अशी सांगतात की, तापलेल्या भूमीवरची हवा वर चढते, तिला कोठूनसे बाष्प मिळाले की ढग होतात. त्या ढगांतून निघालेला पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच आटतो आणि आटता आटता ती हवा गार व जड करून सोडतो. ती जड हवा जमिनीवर कोसळते, चोहोकडे पसरते, आणि तिच्या तोंडाशी जी सुटी माती असेल ती उचलून घेते. म्हणजे आंधी हा एक अपुरा राहिलेला पाऊसच होय. शेवटी थोडेसे थेंब पडत. चौकाच्या फरशीवर त्यांचे रुपयाएवढे काळे डाग उमटत आणि ते वाळण्यापूर्वी मोजून काढण्याची आम्हां भावंडांत शर्यत लागे. आजीला आकडा सांगावा लागे. "अकरा!" "बरं झालं, मिरग कोरडा गेला नाही," असे म्हणून ती आत जाई.

आमच्या थोरल्या चुलतबहिणीचे लग्न १९८४ च्या मे महिन्यात झाले. गोरज मुहूर्त. मंगलाष्टके निम्म्यावर आली असतील नसतील तोच ती तांबूस भिंत मंडपावर येऊन आदळली. अंतरपाट धरणाऱ्यांच्या हातून सुटला तो थेट वर गेला, आणि वधूवरांनी मुहूर्ताला चार मिनिटे असतानाच एकमेकांस पाहिले. भटजी मोठे निष्ठावान. उपरण्याने तोंड झाकून त्यांनी मंगलाष्टके पुरी केली, परंतु कोणास एक अक्षर ऐकू आले नाही. अक्षता पडल्या की वाळू पडली हेही सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मंडपाचे कापड तिसऱ्या गल्लीतल्या कडुनिंबावर सापडले. अंतरपाट मात्र सापडला नाही. तायडीचा संसार चांगला झाला, हे येथेच सांगून टाकतो.

ही गोष्ट आम्ही पुष्कळ वर्षे बैठकीत रंगवून सांगत असू. २ मे २०१८ च्या रात्रीपासून ती सांगताना जीभ अडखळते. त्या रात्री आग्रा, धौलपूर, भरतपूर, अलवर या आपल्या शेजारच्या प्रदेशावर जी आंधी आली, तिने उत्तर प्रदेश व राजस्थान मिळून शंभरावर माणसांचे प्राण घेतले. सर्वांत मोठा घाला आग्रा जिल्ह्यावर पडला, आणि आग्रा आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरही नाही. पुष्कळसे लोक झोपेत असताना कोसळलेल्या भिंतींखाली व झाडांखाली गेले. पश्चिमेकडून आलेला एक विक्षोभ, पूर्वेकडून आलेले दमट वारे आणि मधे तापून निघालेली भूमी, असे तिघे एकत्र आले होते, असा खुलासा पुढे वाचनात आला. आमच्या मंडपाचे कापड उडविणारा वारा आणि हा वारा जातीने एकच. मंडप आणि कच्ची भिंत यांत काय ते अंतर.

आंधी निदान दिसते तरी. लू दिसत नाही. आम्ही नववीत असताना वडील एका दुपारी कसलेसे बिल भरण्यास रांगेत उभे राहिले आणि पायीच घरी परतले. ओसरीवर बसले आणि असंबद्ध बोलू लागले. आम्हांला वाटले, थकले आहेत. आजीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि एकच वाक्य उच्चारले, "याला घाम नाही." पुढच्या क्षणी माजघरातली चादर विहिरीच्या पाण्यात बुडवून त्यांच्या अंगावर टाकली गेली, एकाने पंखा धरला, एक जण डॉक्टरांकडे धावला. डॉक्टर म्हणाले, अर्धे काम तुम्ही केलेच आहे. माणसाचे शरीर घामाच्या वाळण्याने गार राहते. ती सोय बंद पडली आणि अंगातली उष्णता ४० अंशांपलीकडे गेली की मेंदूपासून मूत्रपिंडापर्यंत एकेक अवयव हात टेकू लागतो. आजीचा खिशात कांदा ठेवण्यावरही तितकाच विश्वास होता, आणि तो कांदा त्या दिवशी वडिलांच्या खिशात होताच. पन्ह्याचे आम्ही समर्थन करू, त्यात पाणी, मीठ व गूळ असतो. कांद्याचे समर्थन आमच्याच्याने होणार नाही. विद्यार्थ्यांनी कांदा भाकरीबरोबर खावा आणि डोक्यास ओले उपरणे बांधावे.

आता जे लिहावयाचे आहे ते इतके दिवस आम्ही कोणापाशी बोललो नाही.

आमचा वाडा जुन्या बांधणीचा होता. मधे उघडा चौक, चारी बाजूंस ओसरी, परसात विहीर. चौकातले पावसाचे पाणी दगडी मोरीने विहिरीकडे जाई. रात्री गच्चीवर गार झालेली हवा चौकात उतरे आणि खोल्यांतली ऊन हवा वर निघून जाई. पहाटे ओसरीवर पांघरूण घ्यावे लागे. भाऊ वाढले, संसार वाढले. २०११ साली आम्ही सर्वांनी मिळून, आजी नको नको म्हणत असताना, चौकावर सिमेंटची स्लॅब टाकली. खाली दोन खोल्या निघाल्या आणि मोटारसायकली ठेवण्यास जागा झाली. गच्चीवर पत्र्याची खोली उठली. आजूबाजूच्या वाड्यांनीही हेच केले. सगळ्यांत हौसेने पुढे होऊन कंत्राटदार आणणारे आम्हीच होतो.

२०१९ साली आजी एकोणनव्वद वर्षांची होती. ८ जूनला तिने हिंग-गुळाच्या गोळ्या केल्या. वर पाहण्यास चौकच उरला नव्हता, म्हणून ती दारात जाऊन उभी राहिली. त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात पोचला होता. म्हणजे मृगाने निघायचे तेथून तो त्या वर्षी नुकता निघत होता. आठवडाभर पारा ४५ च्या वर. १० जूनला आग्र्याहून निघालेल्या केरळ एक्स्प्रेसमधले चार वयोवृद्ध प्रवासी उष्म्याने दगावल्याची बातमी झाशीहून आली. ती गाडी आपल्याच स्टेशनावरून गेली होती. आम्ही ती बातमी आजीला वाचून दाखविली नाही. त्याच आठवड्यात एका रात्री वीज दोनदा गेली. कूलर बंद पडला. खिडकीतून येणारा वाराही भट्टीतला. आजीने कोणास हाक मारली नाही. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते आणि त्यांना घामही कमी येतो, हे आम्ही मागाहून शिकलो. पहाटे चहा घेऊन गेलो तेव्हा तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ कोरडे होते. ज्या बाईने आम्हांला ती खूण शिकविली होती, तिच्याच कपाळावर आम्ही ती चार तास उशिरा वाचली. चादर भिजवली, गाडी आणली. इस्पितळात ती दुपारपर्यंत होती.

दिवस नव्हे, तर रात्र माणसाला मारते, असे आम्ही तेव्हापासून मानू लागलो आहोत. दिवसा सावली शोधता येते, पाणी शोधता येते. रात्री शरीराला जो विसावा हवा असतो तो भिंतींनीच दिला नाही तर माणूस कोठे जाणार? भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढल्याचे म्हटले आहे. पाऊण अंश म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण ही साऱ्या देशाची व साऱ्या वर्षाची सरासरी आहे, आणि सरासरी तिळभर सरकली तरी टोकाचे दिवस हातभर सरकतात. २०२२ चा मार्च पाहा. १९०१ पासूनच्या नोंदींत दुपारच्या तापमानाच्या हिशेबाने इतका तप्त मार्च देशाने पाहिला नव्हता. आपल्या भागात गहू त्या वेळी दाण्यात दूध भरण्याच्या अवस्थेत असतो. दाणा चिमला, आणि मे महिन्यात सरकारला गव्हाच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. तथापि प्रत्येक दोष हवामानाच्या माथी मारणे आम्हांस पटत नाही. तो पाऊण अंश साऱ्या जगाच्या धुराड्यांनी दिला. आमच्या चौकावरची स्लॅब आम्ही दिली.

पावसाबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण ग्वाल्हेर उन्हाने जितके पोळले आहे तितकेच पाण्यानेही हादरले आहे. शहरास पाणी पुरविणारे सांक नदीवरील तिघरा धरण आपण सहलीला जाऊन पाहिलेलेच असेल. त्याला विश्वेश्वरय्यांच्या पद्धतीचे आपोआप उघडणारे दरवाजे बसविले होते. हेच दरवाजे त्यांनी प्रथम पुण्याजवळ खडकवासल्याला बसविले होते. आमच्यासारख्या पुण्याकडे डोळे लावून बसणाऱ्यांना याचा उगीचच अभिमान वाटतो. परंतु ऑगस्ट १९१७ मध्ये पुराच्या लोंढ्यापुढे ते धरणच फुटले. पुढे ते पुन्हा बांधावे लागले. आजीच्या सासूबाई सालांची गणती "तिघरा फुटायच्या आधी" आणि "नंतर" अशीच करीत.

ऑगस्ट २०२१ मध्ये ग्वाल्हेर-चंबळ भागावर काही दिवसांत असा पाऊस कोसळला की, शिवपुरी आणि श्योपुरात गावेच्या गावे पाण्याने वेढली गेली आणि छपरांवर बसलेल्या माणसांना काढण्यास हेलिकॉप्टरे बोलवावी लागली. दतिया जिल्ह्यात सिंध नदीवरचे पूल पत्त्यांसारखे वाहून गेले. रतनगढच्या देवीच्या वाटेवरचा पूल त्यांतलाच. मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले आहेत, आणि उलट देशाचा एकूण मोसमी पाऊस १९५१ ते २०१५ मध्ये सुमारे ६ टक्क्यांनी घटला आहे, असे त्याच सरकारी अहवालात आहे. ऊन हवा अधिक बाष्प बाळगते आणि टाकते तेव्हा एकदम टाकते. म्हणजे पूर आणि टंचाई एकाच वर्षी, कधी एकाच महिन्यात. तिघऱ्याची पातळी उतरली की नळाला एक दिवसाआड पाणी येते, हे आपण सारे जाणतो. आमची विहीर आता कोरडी आहे. चौकाचे पाणी स्लॅबवरून गटारात, गटारातून स्वर्णरेखेत. नावाची ती नदी. उन्हाळ्यात तिच्याकडे पाहून नाव कोणी ठेवले असेल असा प्रश्न पडतो.

हिवाळ्याची फारशी तक्रार आम्ही करणार नाही. तानसेन समारोहाच्या रात्री डिसेंबरच्या थंडीत रजई गुंडाळून ज्याने गाणे ऐकले आहे, त्याला ग्वाल्हेरचा हिवाळा शिव्या देण्यास जड जातो. जानेवारीत कोहरा पडतो; निरभ्र, निर्वात रात्री जमीन उष्णता सोडून गारठते आणि तिच्यालगतच्या हवेतले बाष्प तेथेच थिजते. सकाळी समोरचा विजेचा खांब दिसत नाही, दिल्लीकडच्या गाड्या सहा-सहा तास उशिरा येतात, आणि शाळांना सुट्टी मिळते, म्हणून विद्यार्थ्यांचे त्याच्याशी वैर नाही. संक्रांतीला कोहऱ्यातून तिळगूळ देण्यास निघालेला मनुष्य भलत्याच घरी जाऊन "गोड बोला" म्हणून येतो, हे आमच्या बाबतीत खरोखर घडले आहे. त्या घरच्यांनी चहा दिला.

असो. २०२३ च्या दिवाळीनंतर आम्ही भावांना बसवून सांगितले की चौक उघडावयाचा. वाद झाला, तो खराच वाद होता. दोन खोल्यांपैकी एक जाणार होती आणि ती धाकट्याची होती. शेवटी खोली राहिली आणि मधल्या जागेवरची स्लॅब पाच हात लांब, पाच हात रुंद अशी कापली. वर लोखंडी जाळी बसविली, मोरी पुन्हा विहिरीकडे वळविली, गच्चीवरचा पत्रा उतरवून तेथे चुन्याचा पांढरा थर दिला. पहिल्याच उन्हाळ्यात रात्रीच्या हवेत फरक कळला; विहिरीत मात्र अजून पाणी नाही. धाकटा म्हणतो, धूळ फार येते. येते हे खरे आहे.

गेल्या वर्षीच्या मृगाला हिंग-गुळाच्या गोळ्या पुतणीने केल्या. ती सहावीत आहे, याच शाळेत. हिंग इतका घातला होता की घरातल्या कोणाच्याने गोळी एका दमात गिळवली नाही. संध्याकाळी आंधी आली. जाळीतून मूठ-मूठ माती खाली आली, तुळस झाकली गेली, धाकट्याने आमच्याकडे पाहिले. मग थेंब पडले. पुतणी पाय पोटाशी घेऊन फरशीवर बसली आणि बोटाने डाग मोजू लागली. तिचे म्हणणे सतरा. आम्ही अठरा मोजले होते. अठरावा थेंब पावसाचा नसून वर बसलेल्या कावळ्याचा आहे, असे तिने ठणकावून सांगितले, आणि आम्ही चष्मा काढून वाकून पाहिले तेव्हा तो डाग वाळून गेला होता.